तवारीख कोणाच्या दारी लिहिली?

खाफीखानाचे निदान एक मत मराठी माणसाला ऐकून ठाऊक असते. मोगलांच्या चाकरीत वाढलेला हा इतिहासकार शिवाजी महाराजांना शिव्याशाप देतो, त्यांच्या मृत्यूचा कालश्लेष रचताना तर सभ्यपणा पार सोडतो. आणि हाच माणूस लिहून ठेवतो की लुटीच्या धामधुमीतही त्यांनी मशिदीला, कुराणाला आणि हाती लागलेल्या स्त्रियांना धक्का लागू दिला नाही. ही कबुली आपल्याकडे व्याख्यानांतून, शालेय निबंधांतून आणि शिवजयंतीच्या फलकांवरून एवढी फिरली आहे की खाफीखान म्हणजे विरुद्ध पक्षाचा फुटलेला साक्षीदार होऊन बसला आहे. हवे तेवढे वदवून घेतले की त्याला पिंजऱ्यातून उतरवायचे. त्याच्या ग्रंथाच्या उरलेल्या शेकडो पानांत काय आहे, ती त्याने केव्हा, कोणाच्या आश्रयाने आणि कशाच्या आधारावर लिहिली, याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

ही चौकशी आधी व्हावी आणि मग उताऱ्यांकडे वळावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवली आहे. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या फारसी तवारिखांत शिवी काय किंवा स्तुती काय, लेखकाच्या मनातून उमटलेली असेलच असे नाही. आपला धनी न्यायी आणि दैवाचा लाडका, शत्रू करंटा आणि बंडखोर, तो मेला की नरकात गेला, हा लिहिण्याचा रिवाज होता. हिंदू मुनशी लिहायला बसले तरी बरेचसे याच रिवाजाने लिहीत. त्यामुळे लेखकाचा थांग अशा विशेषणांवरून लागत नाही. त्याला रोजी कोण देत होते, प्रसंग घडला तेव्हा तो छावणीत हजर होता की चाळीस-पन्नास वर्षांनी जुने कागद आणि ऐकीव गोष्टी जुळवत होता, हे कळले की पुष्कळ उलगडते. शिवाय मोलाचा मजकूर कित्येकदा लेखकाला स्वतःला महत्त्वाचा वाटलेलाच नसतो. लढाईच्या दोन वर्णनांमध्ये तो सहज येऊन गेलेला असतो.

फारसी ही त्या काळी हिंदुस्थानच्या मोठ्या भागात दरबाराची, पत्रव्यवहाराची आणि शिकल्यासवरलेल्यांची भाषा होती. इराणातून नशीब काढायला आलेला सय्यद ती लिहीत होता, तसाच बुऱ्हाणपूरचा कायस्थ आणि गुजरातचा नागर ब्राह्मणही लिहीत होता. अकबराने राज्याचा हिशेब फारसीत आणला आणि इतिहासालाही सरकारी काम बनवले. अबुल फजलच्या ‘अकबरनामा’साठी जुन्याजाणत्यांना आठवणी लिहून किंवा सांगून द्यायचे फर्मान निघाले. बाबराची मुलगी गुलबदन बेगम हिने आपल्या आठवणी लिहिल्या. हुमायूंच्या हातावर पाणी घालणारा जौहर आफताबची यानेही लिहिल्या. आज अबुल फजलच्या भरजरी वाक्यांनी दमायला होते तेव्हा जौहरचा साधा मजकूर हातात घ्यावा. परागंदा बादशहाबरोबर वाळवंटात तहानेने व्याकूळ झालेला चाकर त्यात बोलतो.

त्याच दरबारात अब्दुल कादिर बदाऊनी होता. अकबराच्या धर्मविषयक प्रयोगांनी तो मनातून पेटलेला होता, आणि त्याच बादशहाच्या हुकमाने त्याला महाभारताच्या फारसी भाषांतराला हात लावावा लागला. या कामाबद्दलची त्याची कुरकुर वाचताना हसू आवरत नाही. त्याने आपला इतिहास गुपचूप लिहिला. तो लोकांसमोर आला जहांगिराच्या काळात. एकाच राज्याचे हे दोन वृत्तांत, एक राजाज्ञेने लिहिलेला आणि एक लपवून ठेवलेला. लपवलेला तेवढा खरा, असा सरळ हिशेब मात्र करू नये. बदाऊनीला जे खुपत होते ते तो मोठे करून सांगतो.

या संग्रहाचा भर दख्खनवर आहे, आणि तिथे पहिला मान फेरिश्त्याचा. मुहम्मद कासिम हिंदूशाह हे त्याचे नाव. कास्पियन समुद्राकाठच्या अस्त्राबादचे हे घराणे, पण तो लहानपणीच वडिलांबरोबर अहमदनगरला आला. वडील निजामशाही राजपुत्र मीरान हुसेन याचे शिक्षक असल्याने राजपुत्राशी त्याची ओळख तेव्हापासूनची. पुढे १५८८ मध्ये याच मीरान हुसेनने बाप मुर्तजा निजामशहा याला पदच्युत करून हमामखान्यात मारवले, तेव्हा फेरिश्ता वाड्याच्या पहाऱ्यावर होता. जुन्या ओळखीने त्याचा जीव वाचला. वर्षभरात मीरान हुसेनही मारला गेला आणि शहरात परदेशी लोकांची कत्तल झाली. १५८९ च्या अखेरीस फेरिश्त्याने विजापूर गाठले. तिथे दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने त्याला हिंदुस्थानचा इतिहास लिहायला सांगितले, म्हणून ग्रंथाचे नाव ‘गुलशने इब्राहिमी’. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो पुरा झाला, तरी नंतरही काही वर्षे फेरिश्ता त्यात भर घालत होता.

त्याच्या लिहिण्याची तऱ्हा पाहायची तर बहमनी राज्याच्या संस्थापकाची गोष्ट घ्यावी. दिल्लीत गंगू नावाचा एक ब्राह्मण ज्योतिषी, त्याच्याकडे हसन नावाचा गरीब चाकर. गंगूने त्याला जमिनीचा तुकडा आणि बैलजोडी दिली. नांगरताना फाळ अडकला, उकरून पाहिले तर मोहरांनी भरलेले भांडे. हसनने ते तसेच मालकापुढे नेऊन ठेवले. गंगूने खूश होऊन त्याची पत्रिका मांडली, राजयोग सांगितला आणि मागणे मागितले: राजा झालास की माझे नाव आपल्या नावाला जोड आणि खजिन्याचे काम माझ्या हाती दे. १३४७ मध्ये हसन दख्खनचा सुलतान झाला आणि त्याने शब्द पाळला.

गोष्ट गोड आहे, पण टिकत नाही. राज्यस्थापनेनंतर तीनच वर्षांत दौलताबादेत इसामीने आपला पद्यमय इतिहास पुरा केला, त्यात ना गंगू ना नांगर. शिलालेखांत आणि नाण्यांवर या सुलतानाचे नाव बहमनशहा असे येते. अहमदनगरच्या आश्रयाने लिहिणारा सय्यद अली तबातबा हा ‘बुर्हाने मासिर’मध्ये त्याला थेट प्राचीन इराणी राजा बहमन याच्या वंशात नेऊन बसवतो. फेरिश्त्याला ही वंशावळ ठाऊक होती. खुशामतखोरांनी ती जुळवली, असे त्याचे मत. म्हणजे एक खोटी वंशावळ त्याने बरोबर ओळखली आणि तिच्या जागी एक लोककथा मांडली.

पण ही लोककथा टाकून देण्याजोगी नाही. ती संपवताना फेरिश्ता सांगतो की मुसलमान राजाची चाकरी पत्करणारा दख्खनमधला पहिला ब्राह्मण हा गंगू, आणि तेव्हापासून आजतागायत दख्खनच्या राज्यांचे महसुली दफ्तर ब्राह्मणांच्याच हाती आहे. मला हे वाक्य नांगरापेक्षा फार मोठे वाटते. १३४७ साली काय घडले ते त्यातून कळत नाही, पण १६०० च्या सुमारास विजापुरात बसलेल्या माणसाला भोवती काय दिसत होते ते स्वच्छ कळते. गावोगावच्या कुलकर्ण्यांपासून वरच्या कचेऱ्यांपर्यंत हिशेब ब्राह्मणांकडे होता. असे का, हा प्रश्न लोकांना पडत असणार, आणि त्याचे उत्तर म्हणून ही कथा चालत आली असणार. निजामशाहीचा मूळ पुरुषही फेरिश्ता ब्राह्मणच सांगतो. घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे, मुलगा लहानपणी विजयनगरच्या मुलखातून पकडून आणलेला आणि बिदरच्या दरबारात मोठा झालेला. निजामशहांनी पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशहाशी लढाई केली. त्यामागे हे वडिलार्जित गाव परत मिळवण्याची ओढ होती, असे फेरिश्त्याचे सांगणे. परभणी जिल्ह्यातल्या एका गावाची ही कथा अस्त्राबादच्या माणसाने लिहिली म्हणून उरली.

१५६५ च्या तालिकोटच्या लढाईत कोणाच्या दारी बसून लिहिले हा प्रश्न उघडच दिसतो. अहमदनगरचा तबातबा हुसेन निजामशहाला नायक करतो. विजापूरचा फेरिश्ता चार सुलतानांना एकत्र आणण्याचा पुढाकार अली आदिलशहाकडे देतो. या युतीसाठी सोयरिकी झाल्या. हुसेनची मुलगी चांदबिबी विजापूरला गेली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण गेला. दोन्ही बाजू वाचल्याशिवाय या लढाईबद्दल बोलू नये, एवढेच सांगून पुढे जातो, कारण याच लढाईशी निगडित एक वस्तू पुण्यात आहे आणि तिच्याबद्दल जास्त सांगायचे आहे.

भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबी नावाच्या कवीच्या ‘तारीफे हुसेनशाही’ या फारसी काव्याचे सचित्र हस्तलिखित आहे. हुसेन निजामशहाची आणि त्याच्या विजयाची ती स्तुती. काव्य म्हणून ठीकठाक, चित्रे मात्र दख्खनी चित्रकलेच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी. त्यांत राणी खुंजा हुमायूं, म्हणजे चांदबिबीची आई, राजाच्या शेजारी तख्तावर बसलेली होती. होती म्हणायचे, कारण काही चित्रांत तिची आकृती नंतर पुसून टाकलेली आहे. राजा तसाच आहे, चवऱ्या ढाळणारे तसेच आहेत आणि शेजारी नुसता रंग फासटलेला डाग. हुसेनच्या मृत्यूनंतर तिने लहान मुलाच्या नावाने काही वर्षे राज्य चालवले. १५६९ च्या सुमारास त्याच मुलाच्या पक्षाने तिला कैदेत टाकले. राजा बदलला की पोथी कशी बदलते हे समजायला याहून वेगळा पुरावा लागत नाही. शब्दांत अशी पुसापुशी झाली की ती दिसत नाही, चित्रात ती लपवता आली नाही.

मलिक अंबरची गत वेगळी. जहांगीर आपल्या आत्मवृत्तात त्याचा उल्लेख आला की काळ्या रंगावरून शिवी हासडल्याशिवाय राहत नाही. अंबरचे तोडलेले शिर बाणाने वेधत असल्याचे चित्रही त्याने काढून घेतले. प्रत्यक्षात ते शिर त्याला कधीच मिळाले नाही. १६२६ मध्ये अंबर म्हाताऱ्या वयात आपल्या मरणाने मेला. तेव्हा जहांगिराचाच माणूस मुतमदखान लिहितो की युद्धात, हुकमतीत आणि कारभारात या माणसाला जोड नव्हती, त्याने दख्खनच्या पुंडांना वचकात ठेवले आणि शेवटपर्यंत मानाने जगला. शत्रू जिवंत असेतो शिवी हा राजनिष्ठेचा भाग असे. तो मेल्यावर अनुभवी कारभाऱ्याला खरे बोलायची मोकळीक मिळाली. खाफीखानाच्या त्या प्रसिद्ध कबुलीकडेही या अंगाने पाहायला हवे. ती एकाकी नाही. शत्रूच्या गुणांची नोंद घेणे ही या लेखकांची सवय होती, आणि ताराबाईंच्या बाबतीतही खाफीखान तेच करतो.

औरंगजेबाच्या कारकिर्दीत एक विलक्षण गोष्ट घडली. पहिल्या दहा वर्षांचा सरकारी इतिहास, मुहम्मद काजिमचा ‘आलमगीरनामा’, पुरा झाल्यावर बादशहाने पुढचा इतिहास लिहिणे बंद करवले. कारण काही का असेना, परिणाम आपल्या पथ्यावर पडला. मोगल-मराठा संघर्षाची ऐन वर्षे सरकारी इतिहासकाराविना गेली आणि ती लिहिली खाजगी माणसांनी, स्वतःच्या हिमतीवर, बहुतेकांनी बादशहा वारल्यावर. ईश्वरदास नागर गुजरातच्या सुभेदाराच्या पदरी होता. साकी मुस्तैदखानाने दफ्तरातल्या कागदांवरून ‘मआसिरे आलमगिरी’ १७१० मध्ये पुरी केली. ती रूक्ष आहे. नेमणुका, बढत्या, कूच, मुक्काम, पाडलेली देवळे, पडलेले किल्ले. आणि या यादीवजा मजकुरात अचानक वेरूळ येते. प्राचीन काळी जादूचे कसब असलेल्या कारागिरांनी डोंगर पोखरून एवढे प्रशस्त महाल केले, पावसाळ्यात इथला देखावा पाहण्याजोगा असतो, अशा अर्थाचे तो लिहितो. देवळे पाडल्याच्या नोंदी ज्या लेखणीने केल्या तीच लेखणी इथे थबकते. त्याच्याआधी विजापूरचा रफीउद्दीन शिराझी वेरूळ पाहून असाच चकित झाला होता आणि त्याला आपल्या इराणातले जुने अवशेष आठवले होते. या दोन नोंदींवरून कोणाला उदार ठरवायचे नाही आणि मूर्तिभंजनाच्या नोंदी पुसायच्याही नाहीत. साकीच्या एकाच पुस्तकात दोन्ही प्रकारच्या नोंदी आहेत, तशाच वाचाव्यात.

माझा स्वतःचा ओढा भीमसेन सक्सेनाकडे आहे. हा १६४९ च्या सुमारास बुऱ्हाणपुरात जन्मलेला कायस्थ. बाप मोगलांच्या तोफखान्याच्या हिशेबात, मुलगा औरंगाबादेत वाढलेला. पुढे तो दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या चाकरीत राहिला, नळदुर्गावर होता, जिंजीच्या वेढ्यात होता. १७०७ मध्ये जाजऊच्या लढाईत धनी पडल्यावर त्याने ‘नुस्खा-ए-दिलकुशा’ संपवायला घेतली. बक्षीस देणारा कोणी उरलेला नव्हता आणि भ्यावे असाही कोणी नव्हता, हे त्याच्या वाक्यावाक्यांत जाणवते. साम्राज्य पोखरले कशाने, याचे त्याचे उत्तर धर्मात नाही, जमाखर्चात आहे. जहागिरी कागदावर, वसुली शून्य. मनसबदारांना घोडी पोसवत नाहीत, म्हणून फौज निम्मी. रयत दोन्हीकडून नागवली जाते आणि शेवटी कसणे सोडून घोडा आणि हत्यार घेऊन मराठ्यांना मिळते. जिंजीचा वेढा वर्षानुवर्षे का रेंगाळला, यात सेनापतींचे स्वार्थ कुठे गुंतले होते, हेही तो जवळून पाहिल्यासारखे सांगतो. आपल्या बखरींत पराक्रम आहे, करारी माणसे आहेत. उजाड गावाचा हिशेब मात्र भीमसेनाइतका सलगपणे फार थोड्यांनी ठेवला.

त्याच्या मानाने खाफीखान उशिराचा. त्याचा ‘मुन्तखबुल्लुबाब’ १७३० च्या पुढे पुरा झाला, म्हणजे महाराज जाऊन अर्धे शतक उलटल्यावर. तो निजामुल्मुल्काच्या आश्रयाला होता, आणि निजामाच्या माणसाला त्या वेळी समोर दिसत होता पहिला बाजीराव. मराठ्यांबद्दलच्या त्याच्या चिडीत आणि आदरात या दुसऱ्या अनुभवाचाही वाटा असणार. त्यातच त्याने अबुल फजल मामूरीच्या लेखनातून पानेच्या पाने उचलली आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तेव्हा खाफीखान ‘मी पाहिले’ म्हणतो तिथे पाहणारे डोळे कोणाचे, हे तपासावे लागते. त्याची किंमत यामुळे शून्य होत नाही. गोष्ट सांगण्याची त्याची हातोटी इतर कोणाला नाही, आणि सुरतेच्या बंदरातला व्यापार नि चाच्यांचा उपद्रव याविषयीचा त्याचा मजकूर अव्वल आहे.

हे ग्रंथ मराठीत यायला दोन वळणे लागली. साताऱ्याच्या रेसिडेंटीवर ग्रँट डफनंतर आलेल्या जॉन ब्रिग्जने १८२९ मध्ये फेरिश्त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. नंतर इलियट आणि डाउसन यांच्या आठ खंडांनी निवडक उताऱ्यांची चटक लावली. त्या निवडीमागे इंग्रजी राज्य किती बरे हे दाखवण्याचा हेतू होता, आणि इलियटने तो लपवलाही नाही. आपण मात्र तेच उतारे घेऊन आपापली भांडणे लढवली. या सवयीतून बाहेर पडायला ज्यांनी मूळ फारसीला हात घातला त्यांचे ऋण मोठे आहे. ग. ह. खरे यांनी पुण्यात बसून ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे खंड काढले. हैदराबादेत घडलेल्या सेतुमाधवराव पगडींनी साकी मुस्तैदखान, भीमसेन आणि दरबारची अखबारे मराठीत आणली. भ. ग. कुंटे यांनी फेरिश्ता मराठीत आणला. एवढे असूनही या भाषांतरांच्या प्रती आज ग्रंथालयांतून क्वचितच बाहेर येतात.

आता वाचताना लागतील अशा दोन-चार गोष्टी. हिजरी वर्ष चांद्र आहे, सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे एखादे हिजरी साल इसवीच्या दोन सालांत विभागलेले असते. मोगल लेखक बहुधा बादशहाच्या राज्यारोहणापासूनचे वर्षही देतात. ज्यांनी पेशव्यांच्या पत्रांतला शुहूर सन पाहिला आहे त्यांना ही कसरत नवी नाही. फौजांचे आणि लुटीचे आकडे जसेच्या तसे ठेवले आहेत, पण ते शोभेचे समजावेत. नावे लेखकांनी लिहिली तशी आहेत. शहाजीराजे तिथे ‘साहू’ होऊन येतात, त्यावरून थोरले शाहू छत्रपती समजून गोंधळू नये. शिव्याही गाळलेल्या नाहीत.

उतारे काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत. ज्याला लढायाच हव्यात त्याने तालिकोट आणि १५९५ चा अहमदनगरचा वेढा आधी वाचावा, तबातबा त्या वेढ्याचा समकालीन आहे. माझे ऐकाल तर भीमसेनाच्या लहानपणीच्या औरंगाबादेपासून सुरुवात करा, जिथे तो रुपयाला ज्वारी-बाजरी किती मण मिळत होती ते सांगतो, आणि तिथून त्याच्याबरोबर जिंजीपर्यंत जा.